मदत हवी आहे: ११ दुकानांच्या गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग, दर कसे मागवावेत?

ठाणे, वाशी, नेरूळ, पनवेल मिळून ११ दुकानं, सगळी भाड्याच्या गाळ्यांत. पावसाआधी गळती बंद करायची आहे. पाहणीत दोष गच्चीच्या मधोमध क्वचितच सापडतो. पाणी शिरतं ते पाइपाच्या तोंडाशी आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात: वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर उतार) फुटलेला, एसीचा ड्रेन पाइप नुसतं सिमेंट थापून बसवलेला. सिमेंट आकसतं, पाइपाभोवती केसाएवढी फट पडते. ही जागा फोडून नॉन-श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या सिमेंट-मिश्रणाने) भरल्याशिवाय वरून कितीही कोटिंग मारा, वाया जातं.

अडचण दरपत्रकाची. ठेकेदार सरसकट चौरस फुटाचा दर देतात, त्यात नेमकं हेच काम हरवतं. म्हणून वाटा रनिंग फुटात, पाइपाची तोंडं नगावर आणि कोटिंग चौरस फुटात असे वेगळे दर मागवतोय. ४८ तास पाणी साठवून चाचणी झाल्यावरच शेवटचं बिल.

जाणकारांनी सांगावं: सगळ्या ठिकाणी एकच दर चालतो का? गच्ची सोसायटीची असेल तर पाणी साठवायची लेखी परवानगी कशी घेता? स्लॅबच्या सळया गंजलेल्या निघाल्या तर तो खर्च गाळामालकाकडे कसा लावता? पत्राचा नमुना असल्यास कृपया टाका.