छोट्या पिकअपला बर्फाचे पाते बसवण्याविषयी

प्रेषक: सिरॅक्युज (न्यूयॉर्क राज्य, अमेरिका) येथील एक सभासद (सध्या मुक्काम धरमपेठ, नागपूर)
विषय: पात्याची चौकट हिंगण्यात बनवून घ्यावी का?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

दिवाळीसाठी मी नागपुरास आलो आहे. सौ. नोकरीमुळे तिकडेच आहेत आणि मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतेन, म्हणजे परतल्यावर बर्फाची तयारी करायला फारसा वेळ उरणार नाही. ऑन्टारिओ सरोवरावरून येणाऱ्या ढगांच्या कृपेने आपल्या गावात वर्षाकाठी सरासरी सव्वाशे इंचांच्या घरात बर्फ पडतो, हे आपण सारे जाणताच. गेल्या हिवाळ्यात ज्याला कंत्राट दिले होते तो सकाळी दहानंतर उगवत असे आणि तोवर कामावर जाण्याची वेळ टळून गेलेली असे. त्यामुळे यंदा घरापुढची वाट आपणच साफ करावी, असे ठरवले आहे. ही वाट साठ फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे.

माझ्याकडे चारही चाकांना जोर देणारा, मध्यम आकाराचा चार दारांचा पिकअप आहे. गाडीच्या पुढे जोडून बर्फ लोटणारे, हायड्रॉलिक पंपासह १८० किलो वजनाचे एक जुने पोलादी पाते स्वस्तात मिळत आहे, परंतु माझ्या गाडीला ते जोडणारी चौकट त्यासोबत नाही. हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टरची अवजारे बनवणारे आपल्या यादीवरील काका मला परिचित आहेत. त्यांच्याकडून चौकट दोन भागांत बनवून घेऊन सामानातून न्यावी, असा माझा विचार आहे. यात काही अडचण दिसत असल्यास कृपया कळवावे.

प्रेषक: हिंगणा, नागपूर येथील एक ज्येष्ठ वाचक
विषय: उत्तर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परवा कारखान्यात ठेवून गेलास ते रेखाचित्र मी नीट पाहिले. दहा मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी कापायची, भोके पाडायची आणि चार ठिकाणी वेल्डिंग करायचे, एवढेच ते काम आहे. आमच्या पोरांना एक दिवस पुरेल. तरीही ती चौकट मी बनवून देणार नाही. कारणे यादीवरच लिहितो, म्हणजे हाच विचार आणखी कोणाच्या डोक्यात असेल तर त्यालाही कळतील.

आमच्या रोजच्या कामात आयएस २०६२ या पोलादाच्या भारतीय मानकातील ई २५० दर्जाची पाटी लागते. या एकाच दर्जात ए, बीआर, बी शून्य आणि सी असे उपप्रकार आहेत. त्यांपैकी सी या प्रकाराची आघातचाचणी (एकदम बसलेल्या धक्क्याने पोलाद तुटते का, ही परीक्षा) उणे २० अंश सेल्सिअसला आणि बी शून्यची शून्य अंशाला घेतात. ए प्रकाराला ती सक्तीची नाही. नागपुरात डिसेंबरात पारा आठ-दहा अंशांवर उतरला की आपल्याला हुडहुडी भरते, पण ट्रॅक्टरच्या पुढच्या डोझर पात्याला त्याने काही होत नाही. तुमच्याकडे उणे पंधरा-वीस अंशांच्या पहाटे पाते गोठलेल्या कडेवर किंवा गटाराच्या झाकणावर आदळले, तर वेल्डच्या टोकाशी राहिलेली नखाएवढी खाचही तडा जायला पुरते, कारण इतक्या थंडीत साधे पोलाद वाकण्याआधीच तुटते.

दुसरे कारण अपघाताचे आहे. हल्लीच्या गाड्यांच्या चासीची पुढची टोके टक्कर झाल्यास ठरावीक रीतीने चुरगळावीत अशी घडवलेली असतात, आणि एअरबॅगला खबर देणारे सेन्सरही बहुधा त्याच भागात असतात. म्हणूनच पाते बनवणारे कारखाने प्रत्येक मॉडेलसाठी, आणि पुष्कळदा मॉडेलच्या वर्षानुसार, वेगळी चौकट देतात. ती चासीला मुळात असलेल्या भोकांतच, सांगितलेल्या प्रतीच्या बोल्टने, सांगितलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळायची असते. चासीवर नवी भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे तर नकोच, कारण जास्त ताकदीच्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली की त्या जागेची ताकद जाते. तुझी गाडी माझ्यासमोर उभी नसताना, केवळ कागदावरून, हे काम मी अंगावर घेणे योग्य नाही.

परंतु कारखान्याची चौकट विकत मिळाली तरी तुझा प्रश्न सुटत नाही. तुझ्या पत्रात पात्याचे वजन आहे, पण ते पुढच्या अ‍ॅक्सलपासून किती अंतरावर लटकणार, हे नाही. हिंगण्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या नाकावर अडकवलेली लोखंडी वजने तू लहानपणापासून पाहिली आहेस. मागे नांगर उचलला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते, म्हणून ती अडकवतात. तुझ्या गाडीत याच्या नेमके उलट होईल. पाते पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे असल्याने त्या अ‍ॅक्सलवर पात्याच्या वजनापेक्षा अधिक भार येतो, आणि जेवढा अधिक येतो तेवढाच मागच्या अ‍ॅक्सलवरून उचलला जातो. पात्याचे वजन गुणिले अ‍ॅक्सलपासून त्याचे अंतर, भागिले दोन अ‍ॅक्सलमधील अंतर, हा तो वाढीव भाग. मागचा भार उचलला गेल्याने मागच्या चाकांची पकड सुटते आणि मागचे ब्रेकही कमी धरतात, ते वेगळेच.

तेव्हा गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला तक्ता वाच. त्यावर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि संपूर्ण गाडी यांच्या भारमर्यादा स्वतंत्रपणे छापलेल्या असतात, आणि या तिन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. नंतर टाकी भरून गाडी काट्यावर ने. कळमन्याच्या धर्मकाट्यावर आमची माणसे आधी पुढची चाके चढवून एक पावती घेतात आणि मग अख्ख्या गाडीची दुसरी. तिकडच्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर दोन्ही अ‍ॅक्सलची वजने वेगवेगळी मिळतात, असे माझ्या मुलाकडून कळते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण कोणी ना कोणी ती सुचवणारच. टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी असणारी पिळाची दांडी) आवळून किंवा स्प्रिंगला रबरी ठोकळ्यांचा आधार देऊन गाडीचे झुकलेले नाक वर आणता येते, परंतु त्याने अ‍ॅक्सलची मर्यादा एक किलोनेही वाढत नाही. बेअरिंग, बॉल जॉइंट, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. गाडी फक्त सरळ दिसू लागते.

प्रेषक: सिरॅक्युजच्या एक सभासद
विषय: उत्तर: वायरिंग आणि वापर

भाऊजी, नमस्कार.

काकांनी भाराचे सर्व सांगितलेच आहे. आमच्याकडे साडेसहा फुटी हलके पाते आहे आणि ते बहुतेक वेळा मीच चालवते, म्हणून विजेच्या जोडणीविषयी आणि प्रत्यक्ष कामाविषयी लिहिते.

हायड्रॉलिक पंपाची मोटर १२ व्होल्टची असते आणि पाते उचलताना ती काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर खेचते. त्यामुळे तिच्या जाड केबल सरळ बॅटरीपासून, मध्ये सोलेनॉइड (जास्त विजेसाठीची स्विच) घेऊन, आणाव्या लागतात. गाडीच्या एखाद्या फ्यूजमधून वीज घेण्याचा विचारही करू नये. पहाटेच्या अंधारात हीटर, पुसणी आणि दिवे चालू असताना पाते उचलले की डॅशबोर्डचे दिवे क्षणभर मंद होतात. तेवढे चालते, पण ते मंदच राहू लागले तर बॅटरी किंवा अल्टरनेटर कमी पडतो आहे, असे समजावे. उचललेल्या पात्याने गाडीचे मूळ दिवे झाकले जातात, म्हणून पात्यावर वेगळे दिवे असतात आणि त्यांचा जोडसंच गाडीच्या मॉडेलनुसारच घ्यावा लागतो. लोखंडी जाळीमागून बाहेर येणाऱ्या जोडण्यांत डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारे, ओल रोखणारे ग्रीस) भरावे आणि पाते काढून ठेवल्यावर त्यांना टोप्या घालाव्यात. रस्त्यावरचे मीठ या जोडण्यांत शिरले की पितळी टोकांवर हिरवट थर चढतो आणि पाते नेमके वादळाच्या रात्री मध्येच अडकते.

वाट साठ फूट बाय बारा फूट आणि बर्फ सहा इंच धरला, तर सुमारे दहा घनमीटर बर्फ हलवायचा असतो. ताजा, भुसभुशीत असेल तर तो एक टनाच्या आसपास भरतो. मार्च महिन्यातील ओला असेल तर तेवढाच ढीग तीन टनांवरही जातो. म्हणून हलके पाते घेतलेल्याने सगळा बर्फ पडून जाण्याची वाट पाहू नये. तीन-चार इंच साचले की एकदा वाट मोकळी करावी आणि पहिल्याच वादळात ढीग वाटेच्या कडेपासून चांगला लांब ढकलावा. तो तसाच गोठतो आणि पुढच्या वेळी बर्फ लोटायला जागा उरत नाही.

वेग माणसाच्या झपाझप चालण्याएवढा ठेवावा. पात्याला स्प्रिंग असतात. अडथळा लागताच अख्खे पाते पुढे झुकते किंवा त्याची फक्त खालची पट्टी मागे दुमडते, परंतु ही सोय हळू जाणाऱ्या गाडीसाठी आहे. तुमच्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर खडी आहे, असे आठवते. तेथे पात्याखाली बूट, म्हणजे जमिनीवरून घसरणारे लोखंडी टेकू, लावून ते किंचित उंच ठेवावे, नाहीतर एप्रिलमध्ये हिरवळीवरून खडी वेचत बसावे लागेल. पाते उचलून लांबवर गाडी नेऊ नये, कारण ते रेडिएटरपुढची हवा अडवते आणि बाहेर कडाक्याची थंडी असूनही इंजिन तापते.

आपल्या वाटेवरचा बर्फ सार्वजनिक रस्त्यावर लोटणे न्यूयॉर्क राज्यात कायद्याने मना आहे, हे नव्या सभासदांना बरेचदा ठाऊक नसते. तसेच शेजाऱ्यांची वाट प्रेमाने साफ करून देणे निराळे आणि त्याचे पैसे घेणे निराळे. पैसे घेतल्यास घरगुती विमा बहुधा जबाबदारी घेत नाही. त्याविषयी विमा एजंटाकडून लेखी उत्तर घेऊन ठेवावे.

प्रेषक: सिरॅक्युजचे एक सभासद (धरमपेठ, नागपूर)
विषय: उत्तर: काट्याचे आकडे

काका आणि वहिनी यांस नमस्कार, आणि सविस्तर उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार.

सौ. ने काल गाडी काट्यावर नेली आणि दारावरच्या तक्त्याचे छायाचित्रही पाठवले. किलोमध्ये रूपांतर करून आकडे असे येतात. रिकाम्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल १,१५० आणि मागचा ८५०. पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १,४५०, आणि संपूर्ण गाडीची २,७५०. दोन अ‍ॅक्सलमधील अंतर ३.२ मीटर आहे. पुढच्या आसनांवर दोघे बसल्यास त्यांचे दीडशे किलो दोन्ही अ‍ॅक्सलवर निम्मे निम्मे धरले आहेत.

ते जुने पोलादी पाते पुढच्या अ‍ॅक्सलच्या १.१ मीटर पुढे येईल, असे विक्रेता सांगतो. काकांच्या सूत्राने १८० किलोच्या पात्याचा पुढे २४२ किलो भार पडतो, मागचे ६२ किलो उचलले जातात, आणि पुढचा अ‍ॅक्सल १,४६७ वर जातो, म्हणजे मर्यादेच्या १७ किलो वर. मागच्या अ‍ॅक्सलच्या ०.९ मीटर मागे, हौद्याच्या दाराशी, १४० किलो वाळू ठेवली तर पुढचे ३९ किलो कमी होऊन १,४२८ येतात. एकूण वजन २,४७० असल्याने तिकडे अडचण नाही, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेपासूनही गाडी बरीच खाली राहते. याउलट वहिनींच्या पात्यासारखे, ११० किलोचे आणि १ मीटर पुढे येणारे पाते घेतल्यास मागे काहीही न ठेवता पुढचा अ‍ॅक्सल १,३६९ वर राहतो.

वाळू ठेवून जुने पाते नियमात बसते, असे या आकड्यांवरून मला वाटते. काकांचे मत कळावे.

प्रेषक: हिंगणा, नागपूर येथील एक ज्येष्ठ वाचक
विषय: उत्तर: काट्याचे आकडे

चिरंजीवास आशीर्वाद.

आकडेमोड बरोबर आहे. मी ती पुन्हा करून पाहिली. परंतु वाळू ठेवून मर्यादेखाली उरणारी २२ किलोची सवलत ही सवलत नव्हे. त्यात चौकटीचे वजन तू धरलेलेच नाहीस, आणि ते एकटेच तेवढे भरेल. शिवाय पात्याला चिकटलेला ओला बर्फ, पायाशी ठेवलेली हत्यारांची पेटी आणि माझ्यासारखा जाडजूड सहप्रवासी हे सारे पुढेच येते. ज्या दिवशी कोणी घाईत वाळूची पोती उतरवून हौद्यात सामान भरील, त्या दिवशी गाडी पुन्हा मर्यादेबाहेर जाईल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. चासी मोठी असती तर जुने पाते खुशाल घे म्हणालो असतो. याहून मोठ्या, अर्धा टनी म्हणवल्या जाणाऱ्या पिकअपला पात्यासाठी जादा जोराच्या स्प्रिंग कारखान्यातूनच मागवता येतात. या आकाराच्या गाड्यांना ती सोय सहसा नसते.

हलके पाते घे. त्याची चौकट धरूनही पुढे पुरेशी जागा राहते. ते सहा इंचांचा ओला बर्फ एका दमात नेणार नाही, वहिनींनी सांगितल्याप्रमाणे दोनदा फिरावे लागेल, पण साठ फुटांच्या वाटेला तो काही फार मोठा त्रास नाही. भाराच्या हिशेबात मागे वाळू लागत नसली तरी चाकांच्या पकडीसाठी सत्तर-ऐंशी किलो जरूर ठेव, आणि ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मागेच ठेव. पोती नुसती टाकू नकोस. हौद्यात आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून तिच्यात बसव, म्हणजे करकचून ब्रेक लावल्यावर ती पुढे सरकून तुमच्या पाठीशी असलेल्या काचेवर येणार नाहीत.

पाते बसवून झाल्यावर, वाळू भरून आणि दोघे बसून, गाडी पुन्हा एकदा काट्यावर ने, कारण विक्रेत्याने सांगितलेले अंतर मी कधी खरे धरत नाही. पुढचे दिवेही त्याच वेळी भिंतीसमोर उभे राहून नीट लावून घे. नाक दोन बोटे खाली गेले तरी त्यांचा झोत बदलतो.

तुझे रेखाचित्र कारखान्याच्या कचेरीत ठेवले आहे. गुरुवारी बंद असतो, एरवी सहापर्यंत केव्हाही ये.