80 मैल खरे, पण...

टेक्सासमध्ये 'ऑस्टिन-सॅन अँटोनियो जेमतेम 80 मैल, शनिवारी दहाला निघालं तरी चालेल,' असं काही जण सांगतात. अंतर बरोबर आहे, वेळ नाही. दहाला निघालात की वाटेतल्या सॅन मार्कोसच्या आउटलेट मॉलला निघालेली अख्खी जनता आय-35 महामार्गावर तुमच्या पुढे. आम्ही एकदा इतके रांगलो की दुपारचे पराठे पोरांनी मागच्या सीटवरच संपवले, डबा सॅन अँटोनियोला रिकामा पोचला. सातला निघा. सॅन अँटोनियोच्या रिव्हर वॉकला, म्हणजे नदीकाठच्या पायवाटेवर, सावली, शांतता मिळते, अलामो हे ऐतिहासिक ठिकाणही तिथून चालत जाण्यासारखं.

परतताना आय-35 तुंबलेला दिसला तर आय-10 महामार्गाने सेगीन गावापर्यंत या आणि टोलचा एसएच-130 हा राज्य महामार्ग धरा. लांब पडतो, पण सेगीनकडच्या पट्ट्यात वेगमर्यादा ताशी 85 मैल, अमेरिकेत सर्वांत जास्त. रोख टोल घेत नाहीत, गाडीवर टोलचा टॅग नसेल तर बिल घरी येतं. टाकी आधीच भरून घ्या. आणि अंधार पडल्यावर 85 च्या मोहात पडू नका बरं का! 2012 मध्ये हा पट्टा सुरू झाला त्याच रात्री गाड्या रानडुकरांना धडकल्या होत्या.