'बूफिस'ला मराठी शब्द कोणता?

सोमाली तरुणांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि 'बूफिस'पाशी अडले आहे. केनियात दादाबच्या निर्वासित छावण्यांमध्ये हा रोजच्या बोलण्यातला शब्द. इथून उठून युरोप-अमेरिकेत जाऊन राहायचं, या एकाच विचाराने झपाटणं. मी 'ओढ' लिहिलं, पण समाधान होत नाही.

– 'ओढ' नकोच. ओढ ओळखीच्या जागेची लागते, माहेराची, गावाची. दादाबच्या छावण्या १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं तेव्हापासूनच्या. तिथे जन्मलेली मुलं तिथल्याच शाळेत शिकून मोठी झाली, परवानगीवाचून छावणीबाहेर पडता येत नाही. त्यांनी अमेरिकेतलं मिनियापोलिस कुठे पाहिलंय? पाहिलाय तो बर्फात उभ्या मावसभावाचा फोनवर आलेला फोटो.

शब्दाचं मूळ हवा भरण्याशी, फुगवण्याशी जोडतात. आशेने माणूस फुगतो. आणि जाणं फिसकटलं की मन बिघडतं, त्यालाही 'बूफिस'च म्हणतात. या दोन्ही टोकांना पुरेल असा आपला शब्द मला एकच दिसतो : वेध. पंढरीचे वेध लागतात आणि ग्रहणाचेही वेध असतात. चूल बंद, पाण्यावर तुळशीपत्र, सगळं अडून राहिलेलं. 'गेल्यावर बघू' म्हणत लग्न, धंदा, शिक्षण पुढे ढकलणाऱ्या पोराचं अगदी हेच होतं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने सोमालियासह सात देशांच्या लोकांना दार बंद केलं, तेव्हा कागदपत्रं पूर्ण झालेलेही छावणीतच राहिले.

– ग्रहणाचे वेध माझ्या डोक्यातच आले नव्हते! घेतला. आता 'डकन-एलिस'; 'डकन' म्हणजे संस्कृती. परदेशात बिघडतंय असं वाटलेल्या मुलाला संस्कृतीत 'परत' आणायला आईबाप सोमालीलँडला नाहीतर नैरोबीला पाठवतात. पण माझ्या लेखातली मुलगी नेदरलँड्समध्ये जन्मली, इंग्लंडात लेस्टरला वाढली. सोमालीलँडमधलं हर्गेसा तिने पाहिलेलंच नाही, मग 'परत' कसं लिहू?

– 'वळणावर आणणे' लिहा. 'एलिस'मध्ये माघारी वळवणं आहेच, आणि आपण मुलांना वळणच लावतो. मात्र हे आईच्या तोंडी. मुलगी बोलते तिथे 'मला हर्गेसाला धाडलं' एवढंच ठेवा.