दारू सुटल्यानंतरचा फॉलोअप: किती दिवस आणि कसा?

केतकी:
महिनाभराचा उपचार संपवून माणूस घरी येतो, व्यसनमुक्ती केंद्र फॉलोअपची तारीख देतं. पण ‘आता बरा आहे ना, मग दर आठवड्याला खेप कशाला?’ असं घरचेच म्हणतात. तिथे नेमकं काय व्हायला हवं? आणि डायसल्फिरामची, म्हणजे दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी, न सांगता जेवणातून दिली तर चालते का?

वाटाड्या:
पहिले तीन महिने दर आठवड्याला जाच. पुढचे तीन महिने पंधरवड्याने, मग वर्षभर महिन्यातून एकदा. गाव लांब असेल तर एकाआड एक वेळ फोनवर. ‘ठीक चाललंय’ म्हणून गोळ्या घेऊन उठणं म्हणजे फॉलोअप नव्हे. झोप लागते का, पगार कोणाच्या हातात जातो, तलफ कधी आली, तेव्हा सोबत कोण होतं, हे सगळं बोलणं व्हायला हवं. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढ्या वेळात कोणाला फोन लावायचा, कुठे निघून जायचं, हे आधीच ठरवा. उपाशी पोट तर अजिबात नको. गटारी, बोनस, भावकीतलं लग्न यांची तयारी आधीच्या भेटीत करून घ्या.

निशिगंध:
गोळी चोरून कधीही देऊ नका! तिच्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं. पेशंटची संमती, यकृताची तपासणी आणि शेवटच्या पेगनंतर किमान 12 तास, एवढं झाल्यावरच डॉक्टर ती सुरू करतात. बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत धोका राहतो. आयुर्वेदिक आसवं-अरिष्टं आणि खोकल्याची काही औषधं यांतही अल्कोहोल असतं, तीही टाळा.

सुमेध:
फॉलोअप तुटतो तो बहुतेकदा पहिल्या स्लिपनंतर, म्हणजे पुन्हा एकदा प्यायल्यावर. ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ?’ म्हणून माणूस तारीख चुकवतो, आणि घरचे रोज तोंडाचा वास घेऊ लागले की लपवाछपवी वाढते. अशा वेळी तारखेची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी केंद्रात फोन करा. भांडण नको, कुठे घसरलं एवढंच शोधा. मधल्या दिवसांत एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा असतात, फी नसते. घरच्यांसाठी अल-अनॉन हा तसाच गट आहे. केंद्र जवळ नसेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. मात्र पिणं सलग काही दिवस चाललं असेल तर घरी एकदम बंद करू नका. हात थरथरले, भास झाले किंवा फिट आली तर थेट हॉस्पिटलात न्या.