पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची वर्षभराची प्रगती कशी जोखावी?

नवा सदस्य : मी इतिहास विभागात शिकवतो आणि यंदा प्रथमच संशोधन सल्लागार समितीवर बसणार आहे. आमच्याकडे दोन्ही सत्रांचे अहवाल एकत्र पाहून वर्षाअखेरीस शेरा देतात. जुन्या फायली चाळल्या तर बहुतेक ठिकाणी ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच आढळते. एक विद्यार्थिनी पेशवेकालीन जकातीवर काम करते. कोर्सवर्क आणि आराखड्याची मंजुरी झाल्यानंतरचे तिचे सारे वर्ष पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) वाचण्यात गेले, मात्र लिहून झालेले प्रकरण एकही नाही. दुसऱ्याची दोन प्रकरणे तयार आहेत, पण ती प्रकाशित ग्रंथांचा सारांश आहेत. पृष्ठे मोजली तर निकाल उलटा लागतो. मग शेरा कशाच्या आधारे द्यावा?

जुना मार्गदर्शक : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात समितीपुढे सादरीकरण करून संक्षिप्त अहवाल द्यायचा असतो. प्रगती असमाधानकारक वाटल्यास समितीने कारणे नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात, आणि ते अमलात आले नाहीत तरच विशिष्ट कारणांसह नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते. म्हणजे कोरा ‘समाधानकारक’ शेरा विद्यार्थ्याच्याही कामाचा नाही, कारण पुढे वाद झाला तर फाइलीत दाखवायला काहीच उरत नाही. मागील सत्रात जे ठरले होते ते समोर ठेवा आणि त्यातले काय झाले, काय राहिले आणि का राहिले, एवढे विचारा.

दप्तरवाला : मोडी कागदांचे काम असेल तर टिपणवही मागवा; सादरीकरणाच्या स्लाइडपेक्षा ती अधिक बोलते. प्रत्येक नोंदीला रुमालाचा क्रमांक आहे का, लिप्यंतर आणि स्वतःचे अनुमान वेगवेगळे लिहिले आहे का, न लागलेली अक्षरे प्रामाणिकपणे मोकळी सोडली आहेत का, हे पाहावे. एक-दोन तारखा तिथेच सोडवून घ्याव्यात. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असेल तर अरबी अंकशब्दांत ते एक, साठ, शंभर आणि हजार; म्हणजे पेशवेकालीन कागदांत वापरल्या जाणाऱ्या शुहूर कालगणनेचा सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होत असल्याने डिसेंबरपर्यंत इ.स. १७६० आणि पुढे १७६१ धरावे लागते. हे जिला सहज जमते, तिचे वर्ष वाया गेलेले नाही.

संशोधक विद्यार्थी : वरील मताशी मी अंशतः सहमत आहे. दप्तरात रमणे सोपे असते आणि लिहिणे टाळण्यासाठी आणखी एक रुमाल नेहमीच उपलब्ध असतो. प्रवेशापासून सहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणी करून फार तर आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत असली, तरी अधिछात्रवृत्ती तेवढा काळ मिळत राहत नाही. म्हणून जकातीवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीला नापसंती न कळवता पुढील सत्रासाठी एकच काम द्यावे : एखाद्या जकात नाक्याचे वाचून झालेले कागद घेऊन पंधरा-वीस पानांचे सलग लेखन. दुसऱ्या विद्यार्थ्यालाही ‘लेखन चांगले’ म्हणून सोडू नये. त्याने कोणते मूळ साधन स्वतः पाहिले, हे विचारावे. शिवाय शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे, असे विनियमच सांगतात. ती मागितली की काही ठिकाणी कपाळावर आठ्या पडतात, ही गोष्ट वेगळी.

नवा सदस्य : आभारी आहे. आमच्या छापील नमुन्यात शेऱ्यासाठी एकच ओळ आहे. स्वतंत्र पुरवणी जोडली तर चालेल का?

जुना मार्गदर्शक : जोडावी. नमुन्यातील ओळीत ‘सोबतची पुरवणी पाहावी’ असे लिहावे आणि पुरवणीवरही सर्व सदस्यांच्या तारखेसह सह्या बैठक उठण्यापूर्वीच घ्याव्यात. नंतर पाठवतो म्हणणाऱ्यांच्या सह्या पुढच्या सत्रापर्यंत येत नाहीत.