दुसरीकडे सीट लागली, आधी भरलेली फी परत कशी मिळवायची? (सल्ला हवा)

सुरंगी_डिचोली | १२ ऑगस्ट २०२४, रात्री १०.४०

नमस्कार. जरा लांबलचक आहे, पण सगळं एकदाच लिहून टाकते.

मुलाने जूनमध्ये पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. इथल्या, गोव्यातल्या, प्रवेशफेऱ्यांचं काय होईल त्याचा भरवसा नव्हता आणि त्या लोकांचे रोज फोन, 'मॅडम, आज भरलं नाही तर सीट जाईल.' भरले. ट्यूशन फी १,२५,०००, डेव्हलपमेंट १२,५००, कॉशन मनी १०,००० आणि हॉस्टेल बुकिंगचे १५,०००. एकूण १,६२,५००.

आता इथेच फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सीट लागलीय. माशेलमार्गे घरून जाऊन-येऊन करता येईल, तेव्हा पुण्याचा प्रश्नच मिटला. ८ तारखेला तिकडे फोन केला. एका मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं की फी नॉन-रिफंडेबल आहे, तुम्ही अंडरटेकिंगवर (हमीपत्रावर) सही केलीय. तासाभराने पुन्हा लावला तर दुसरा म्हणाला २५ टक्के कापून मिळेल, पण मॅनेजमेंटची मंजुरी लागते. तिसऱ्यांदा कोणी उचललाच नाही.

वर दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट त्यांच्याकडे अडकलंय. फर्मागुढीला मूळ कागद दाखवल्याशिवाय भागणार नाही.

नवरा म्हणतो, 'गेले ते गेले, डोक्याला ताप नको.' मला सोडायचे नाहीत. कोणी यातून गेलंय का?

---

बिमलीचं_लोणचं | १२ ऑगस्ट, रात्री १०.५८

अजिबात सोडू नकोस गं! माझ्या भाचीच्या वेळी आम्ही गप्प बसलो, अजून जेवायला बसलं की तो विषय निघतो.

---

तिसवाडीकर | १२ ऑगस्ट, रात्री ११.२०

सरळ ग्राहक मंचात केस टाका. नोटीस गेली की दोन दिवसांत पैसे देतात.

---

निवृत्त_हिशेबनीस | १३ ऑगस्ट, सकाळी ६.१५

ताई, मी म्हापशाकडच्या एका कॉलेजच्या कचेरीत २६ वर्षं फीच्या खिडकीमागे बसलोय, तेव्हा खिडकीच्या आतल्या बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट, ८ तारखेचा फोन विसरा. तो झालाच नाही असं समजा. प्रवेश रद्द केल्याची तारीख म्हणजे तुमचा लेखी अर्ज त्यांच्याकडे पोचल्याची तारीख. आमच्याकडे लाल कापडी पाठीचं आवक रजिस्टर असायचं. त्यात नोंद आणि अर्जावर गोल शिक्का पडला की तो अर्ज जन्माला आला. २०१९ मध्ये वाळपईकडची एक मुलगी शनिवारी दीड वाजता धापा टाकत आली. कचेरी एकला बंद. प्रवेशाची शेवटची तारीख उलटून तो पंधरावा दिवस होता. सोमवारी शिक्का बसला तेव्हा सतरावा. ८० टक्के मिळायचे तिथे ५० मिळाले. बाप काही बोलला नाही, पावती चार घड्या करून खिशात घातली आणि गेला. त्या मुलीने शनिवारी बसमधून एक ईमेल टाकला असता तर मी तो छापून फाइलला लावला असता. तेव्हा तिला ते कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

आता नियम. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे, ती खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही लागू होते. तिच्यातला हिशेब असा: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ किंवा जास्त दिवस असताना कळवलं तर पूर्ण फी परत (त्यातून प्रक्रियेचे म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, तेही ५,००० च्या वर नाही, एवढेच कापता येतात). पंधरापेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत ८०, सोळा ते तीस दिवसांत ५०, त्यानंतर शून्य.

पण तुमचं नशीब यापेक्षा बरं आहे. २०२४-२५ साठी यूजीसीने वेगळं धोरण काढलंय. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापायचे. म्हणजे आज तुमची एक पैसुद्धा कापायला त्यांना जागा नाही. २५ टक्के हा आकडा त्यांनी घरी बसून काढलाय.

अंडरटेकिंगची भीती बाळगू नका. सही तुमची असली तरी नियम त्यांच्यावर आहे. आम्हीसुद्धा छापायचो, 'एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.' निम्मे पालक ते वाचूनच घरी जायचे. त्यासाठीच तर ते असतं.

कॉशन मनी ही अनामत आहे, फी नव्हे. ती टक्केवारीत येतच नाही, पूर्ण परत करायची असते. आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला २०१८ च्या त्या अधिसूचनेत मनाई आहे. मूळ कागद तपासायचे, स्वसाक्षांकित प्रती घ्यायच्या, मूळ तिथल्या तिथे परत द्यायचे.

आजच मुलाच्या नावाने (प्रवेश त्याचा आहे, अर्ज त्याचाच हवा, खाली तुमची सही) रजिस्ट्रारला ईमेल करा. प्रवेश क्रमांक, चारही पावत्यांचे क्रमांक आणि तारखा, कोणत्या तारखेपासून प्रवेश रद्द, खात्याचा तपशील, सोबत रद्द केलेला चेक. अर्जात रडगाणं नको, 'गरीब परिस्थिती', 'कृपा करावी' असलं काही नको. तोच कागद डिचोलीच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

---

म्हादयकाठ | १३ ऑगस्ट, सकाळी ९.०५

हिशेबनीस काकांना दंडवत.

@तिसवाडीकर, ग्राहक मंचाचं इतकं सोपं नाही हो. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' धरायची का यावर वर्षानुवर्षं वाद आहे. २०१२ च्या पी. टी. कोशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण ही विकाऊ वस्तू नाही, शिक्षणसंस्था त्या अर्थाने सेवा पुरवत नाहीत असं म्हटलंय. समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच काढणार.

त्याआधीची पायरी फुकटातली आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. शिवाय यूजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे, तिथे तक्रार टाकली की क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुढच्या प्रत्येक ईमेलच्या विषयात टाकायचा. फरक पडतो, अनुभवाने सांगतो.

---

तिसवाडीकर | १३ ऑगस्ट, सकाळी ९.३०

मान्य. माझ्या साडूचं प्रकरण क्लासच्या फीचं होतं, मी दोन्ही एकाच टोपलीत घातली.

---

पणजीचा_पाऊस | १३ ऑगस्ट, दुपारी १.१०

जरा विषयांतर, पण फीचंच आहे. जुलैत बहिणीची सेमिस्टर फी यूपीआयने भरत होतो, शेवटची रात्र, बाहेर धो धो पाऊस. पैसे भरताना लाईट गेली आणि वायफाय मेलं. खात्यातून पैसे गेले, कॉलेजच्या पोर्टलवर 'अनपेड'. घाबरून परत भरले. दोनदा गेले! एक रक्कम परत यायला आठ दिवस लागले. सकाळी कॉलेजात गेलो तर मोबाइलवरचा स्क्रीनशॉट बघायलाही तयार नाहीत.

---

निवृत्त_हिशेबनीस | १३ ऑगस्ट, दुपारी ३.४०

@पणजीचा_पाऊस, स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे बाबा. कॉलेजच्या खात्यात रक्कम दिसून त्यांचा पावती क्रमांक पडला की फी भरली. तोवर जबाबदारी भरणाऱ्याची, लेट फीसुद्धा त्याच्याच माथी. शेवटच्या रात्रीचा नाद सोडा. मोठी रक्कम असली तरी अडत नाही, शिक्षणसंस्थांसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवायचं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय.

पैसे कापले पण दुकानदाराला, इथे कॉलेजला, पोचल्याची खात्री झाली नाही, अशा यूपीआय व्यवहारात पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. मात्र पहिली रक्कम कॉलेजला पोचली आणि दुसरीही पोचली, तर तो बँकेचा विषय राहत नाही. मग कॉलेजलाच अर्ज, पुन्हा आवक रजिस्टर!

---

सुरंगी_डिचोली | १४ ऑगस्ट, रात्री ८.२०

ईमेल काल रात्रीच गेला, स्पीड पोस्ट आज सकाळी. उद्या सुट्टी म्हणून पोस्टात ही रांग! अर्ज मुलाने स्वतः लिहिला. पहिल्या मसुद्यात 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' होतं, ते काढायला लावलं.

काका, हॉस्टेलचे १५,०००? तेही यातच धरायचे ना?

---

निवृत्त_हिशेबनीस | १४ ऑगस्ट, रात्री ९.००

पावती कोणाच्या नावाने आहे ते बघा. विद्यापीठाच्याच नावाने असेल तर ट्यूशनव्यतिरिक्तची फी म्हणून त्यातच मागा. वेगळा ट्रस्ट किंवा कंपनी असेल तर भांडण वेगळं, अर्जही वेगळा.

---

केरीची_सून | १६ ऑगस्ट, सकाळी ११.१५

आम्हालाही हेच करायचंय, पण लेकीची फी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जातून गेलीय. परत आलेले पैसे आमच्या खात्यात घेतले तर चालतील का? बाकी कोर्सवाल्यांनी तर दोन वर्षांची फी एकदम घेतलीय.

---

म्हादयकाठ | १६ ऑगस्ट, दुपारी १२.३०

नको वहिनी. कर्जाचे पैसे कर्जातच जायला हवेत. आधी महामंडळाला लेखी कळवा की प्रवेश बदलतोय आणि परतावा कुठे वळवायचा ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. बँकेचं कर्ज असतं तरी हेच सांगितलं असतं.

आणि दोन वर्षांची फी एकदम? ज्या सेमिस्टरला किंवा वर्षाला विद्यार्थी शिकणार तेवढीच आगाऊ घ्यायची, असं २०१८ च्या अधिसूचनेत आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००३ मध्ये इस्लामिक अ‍ॅकॅडमी प्रकरणात एका वर्षापेक्षा जास्त फी एकदम घेऊ नये असं सांगितलंय. अर्जात हाही मुद्दा घाला.

---

सुरंगी_डिचोली | ३१ ऑगस्ट, रात्री १०.०५

पंधरा दिवस उलटले. पैसे नाहीत. ईमेलला उत्तर एकच, 'युवर रिक्वेस्ट इज अंडर प्रोसेस'.

पण कागद मिळाले! बापलेक रात्रीच्या बसने पुण्याला गेले. काउंटरवर आधी 'नो ड्यूज झाल्याशिवाय नाही' सुरू झालं. मुलाने अधिसूचनेचं ते पान छापून नेलं होतं, पिवळ्या पेनाने रेघ मारून. बाईंनी वाचलं, आत गेल्या, वीस मिनिटांनी प्लास्टिकच्या फोल्डरात सगळं आणून दिलं. त्याच खेपेला अर्जाच्या प्रतीवर इनवर्डचा शिक्काही मारून घेतला. काका, गोल आहे, निळा!

काल समितीकडे तक्रार केली, ई-समाधानवरही टाकली.

---

बिमलीचं_लोणचं | ३१ ऑगस्ट, रात्री १०.१२

चवथीला गणपतीवरची माटोळी (फळापानांचं छत) बांधताना सगळ्यांना सांगणार मी ही गोष्ट.

---

निवृत्त_हिशेबनीस | १ सप्टेंबर, सकाळी ६.००

शाब्बास. आता फोन करू नका. दर सोमवारी एक ईमेल, दोन ओळी, तक्रार क्रमांक आणि थकलेले दिवस. चवथीत कोणी हलणार नाही हे मात्र गृहीत धरा, पुण्यातही नाही.

---

सुरंगी_डिचोली | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

आले!! काल दुपारी मुलाच्या खात्यात १,४७,५०० जमा. ट्यूशन, डेव्हलपमेंट, कॉशन, पूर्ण. एक रुपया कापला नाही. पत्र नाही, ईमेल नाही, फक्त बँकेचा मेसेज. समितीची बैठक झाली की ई-समाधानमुळे हललं, देव जाणे.

राहिले हॉस्टेलचे १५,०००. पावती काढून नीट बघितली तर खरंच वेगळ्याच ट्रस्टचं नाव. मागच्या बाजूला फिकट निळ्या अक्षरांत अटी आहेत, चष्मा लावूनही वाचवेनात. फोटो काढून मोठा केला तर 'रूमचा ताबा घेण्यापूर्वी रद्द केल्यास' एवढं कळतंय, पुढचं पंचच्या भोकात गेलंय.

---

निवृत्त_हिशेबनीस | २१ सप्टेंबर, रात्री ८.१०

अभिनंदन ताई. ट्रस्टला पत्र लिहून त्या अटींची स्वच्छ प्रत मागा. आधी पैसे मागू नका, आधी अटी. ताबा घेतलेलाच नाही, तेव्हा भोकात जे गेलंय ते बहुधा तुमच्याच बाजूचं आहे.

---

सुरंगी_डिचोली | २१ सप्टेंबर, रात्री ८.२५

सोमवारी टाकते. 'गेले ते गेले' म्हणणारे गृहस्थ आत्ता शेजारी भिंग घेऊन बसलेत आणि विचारताहेत, स्पीड पोस्ट करायचं की रजिस्टर?