तीन चाकांची विलायती गाडी आणि आपलं पार्किंग

(जळगावातल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

रोहन, सी-२०४: ही बघा इंग्लंडच्या मॉर्गन कंपनीची ईव्ही-३. तीन चाकं, पूर्ण इलेक्ट्रिक. २०१६ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोला दाखवली होती. दिसायला आजोबांच्या काळातली रेसची गाडी, आत लिथियमची बॅटरी. आपल्याला हीच पाहिजे.

आक्का, ए-१०१: चौथं चाक कुठे गेलं रे?

सोनार नाना, ए-३०२: तीन चाकांची गाडी आपल्या गेटवर रोज उभी असते. तिला टप तरी असतो.

तुषार, बी-१०३: 😂😂

रोहन: नाना, रिक्षाला पुढे एक चाक असतं. हिला पुढे दोन आहेत, मागे एक.

सोनार नाना: मग उलटी लावलेली रिक्षा म्हण.

जिभाऊ, बी-२०१: नाना, थट्टा ठीक आहे, पण सगळी गोम त्या उलटं लावण्यातच आहे. ब्रेक मारला की वजन पुढे येतं. पुढे एकच चाक असेल आणि त्याच वेळी हँडल वळवलं, तर गाडी पुढच्या कोपऱ्यावर कलंडते. भरलेल्या रिक्षाचं आतल्या बाजूचं मागचं चाक वळणावर उचललेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुढे दोन चाकं असली की वजन जिकडे येतं तिकडेच रुंदी मिळते. आम्ही एसटीच्या वर्कशॉपला होतो तेव्हा रस्त्यावर बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सिएट दिसायची, जर्मन डिझाइनची, पुढे एक चाक. वळणावर तिचा ड्रायव्हर अंग दुसऱ्या बाजूला झुकवायचा. बंगळूरच्या सनराइज कंपनीने १९७० च्या दशकात ‘बादल’ नावाची तीनचाकी कार काढली होती, फायबरच्या बॉडीची. तिलाही पुढे एकच.

तुषार: पण जिभाऊ, चौथं चाक लावायला त्यांना काय झालं होतं?

जिभाऊ: टॅक्स रे बाबा. इंग्लंडात ठराविक वजनाच्या आतल्या तीनचाकीला मोटरसायकलचा कर लागायचा, कारचा नाही. मॉर्गनने १९०९ मध्ये पहिली गाडी बनवली तीच तीनचाकी, आणि १९५२ पर्यंत तीनचाकी विकत राहिले. बीएमडब्ल्यूची ती अंड्यासारखी इसेटा, जिचा दरवाजा नाकावर उघडायचा, तिचीसुद्धा इंग्लंडसाठी मागे एक चाकवाली आवृत्ती काढली होती. कर वाचवायची अक्कल जगात सगळीकडे सारखीच.

सोनार नाना: हे मात्र पटलं.

बापू, सी-१०२: अरे भो, गाडीले छत नही, दरवाजा नही. उन्हायामा डोकं तपी जाई ना!

रोहन: बापू, हेल्मेट नाहीतर गॉगल घालून चालवायची ती गाडी.

आक्का: एप्रिलात ४४ डिग्रीला? बागायती रुमाल बांध बाबा डोक्याला, गॉगल राहू दे.

रोहन: आक्का, आकडे तर वाचा. वजन ५०० किलोच्या आत. बॅटरी २० किलोवॅट-तास, म्हणजे आपले २० युनिट. मागच्या चाकाला ४६ किलोवॅटची मोटर. एका चार्जमध्ये २४० किमी, टॉप स्पीड १४५. बॉडीचे पत्रे कार्बन फायबरचे आणि आतला सांगाडा अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा.

सोनार नाना: लाकूड? वाळवी लागली म्हणजे?

बापू: सातपुडानं सागवान लावा म्हना.

जिभाऊ: हसू नका, मॉर्गनचे सुतार आजही लाकडाच्या चौकटी करतात. मला तर वजनाचं कौतुक वाटतं. आपल्या टाटांची पहिली नेक्सॉन ईव्ही घ्या. ३० युनिटची बॅटरी आणि वजन १४०० किलोच्या आसपास. एवढं वजन ओढायला मोठी बॅटरी, आणि बॅटरी मोठी म्हणून वजन आणखी वाढतं. ह्यांनी छत काढलं, दरवाजे काढले, एक चाक काढलं, तेव्हा कुठे २० युनिटमध्ये भागलं. हिशोब म्हणून उत्तम. जळगावहून धुळ्याला जाऊन परत यायला कागदावर पुरेल. पण तो २४० चा आकडा कंपनीचा, आणि हवा इंग्लंडची. आपल्याकडे मे महिन्यात बॅटरी थंड ठेवण्यातच नाकी नऊ येतात. लिथियमला उष्णता मानवत नाही, तापून तापून तिचं आयुष्य कमी होतं. त्यांनी बॅटरीभोवती पितळेच्या पट्ट्या बाहेर काढल्यात, त्या शोभेच्या नाहीत, उष्णता बाहेर टाकायला आहेत. ते डोकं चांगलं चालवलंय.

जिभाऊ: आणखी एक. चारचाकीत खड्डा दोन चाकांच्या मधून काढता येतो. तीनचाकीत पुढची दोन वाचवली की मागचं बरोबर मधोमध खड्ड्यात. भुसावळ रोडला विचार करून जा.

तुषार: रोहन, किंमत?

रोहन: विकायला आलीच नाही. येणार म्हणाले होते, पण आली नाही. मग २०२३ मध्ये एक्सपी-१ दाखवली, ३३ युनिटच्या बॅटरीची. तीपण प्रयोगासाठीच.

आक्का: म्हणजे सकाळपासून आम्ही नसलेल्या गाडीचं छत शोधतोय.

सोनार नाना: रोहन, तू पोह्यांचं बघ.

चौधरी ताई (सेक्रेटरी), ए-२०३: विषय निघालाच आहे तर एक सांगते. मुलांना शाळेत नेणारे ई-रिक्षावाले काका विचारत होते की दुपारी गेटजवळ थांबतात तेव्हा चार्जिंग मिळेल का. पैसे द्यायला तयार आहेत. बी विंगच्या दोन स्कूटर कॉमन मीटरवर चार्ज होतात त्याचं मात्र अजून कोणी दिलेलं नाही.

तुषार: ताई, एक माझीच आहे. देतो.

एक सदस्य, सी-३०१: बाहेरच्या गाडीला सोसायटीची वीज का द्यायची? उद्या सगळेच येतील.

जिभाऊ: सगळे कुठून येतील? आपलीच नातवंडं त्यात बसतात. ई-रिक्षाचा वेग २५ च्या आत, बसायला चार जण. तिची लेड-अ‍ॅसिडची बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी ५-६ युनिटचं काम. युनिट १० रुपये धरलं तर ६० रुपये. सबमीटर लावा, वाचा, घ्या. रोहनची विलायती गाडी आली असती तर तिने २० युनिट ओढले असते, १५ अँपिअरच्या पॉइंटवर रात्रभर.

सी-३०१: आणि आग लागली तर?

जिभाऊ: हा प्रश्न योग्य. म्हणून एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग तपासलेलं. पॉइंट जिन्याखाली नको, उघड्यावर शेडमध्ये घ्या. आणि लेड-अ‍ॅसिड चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे तिथे बिडी-सिगरेट बंद. नाना, तुम्हाला सांगतोय.

सोनार नाना: मी सोडलीय.

आक्का: कधी?

चौधरी ताई: ठीक आहे. दोन पॉइंट, दोन सबमीटर, दर महावितरणच्या बिलाप्रमाणे. मंजूर लोड पुरतो का ते वायरमन शनिवारी येऊन बघेल. सी-३०१, तुमचा विरोध मीटिंगला मांडा, नोंद घेऊ. आणि बी विंगच्या भिंतीजवळच्या गाड्या शनिवारी सकाळी नऊच्या आत काढा, तिथे ड्रिल मारायचंय.

तुषार: माझी स्कूटर त्या वेळी चार्जिंगला असते ताई.

चौधरी ताई: तुषार.

तुषार: काढतो.